खाली कोण बसणार

गेल्या वर्षी जोतिबाला एका तरुण पावण्यानं माझ्यासमोर आपले बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि म्हणाला, "मावशी, टोकन द्या की."

मी दगडी पायरीवर बसले होते. समोर आमच्या घरातल्या सगळ्यांच्या चपला, एका बाजूला नवऱ्याची पिशवी, दुसऱ्या बाजूला सुनेची पर्स, मांडीवर पाण्याची बाटली. त्या थाटात बसलेली बाई चपला सांभाळणारी नाही तर दुसरी कोण असणार? त्याची काही चूक नव्हती. मी म्हटलं, "टोकन न्हाय बाबा, पर ठेव. जा, दर्शन घेऊन ये." तो गेला, आला, बूट घातले आणि 'थँक्यू मावशी' म्हणून निघून गेला.

परतताना गाडीत मी हे सांगितलं आणि तिथंच चुकले. माझे यजमान, सिद्धाप्पा, एवढे हसले की त्यांना ठसका लागला. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कुकरच्या शिट्टीबरोबर हा किस्साही मिळायला लागला. घरात माझं नाव पडलं 'टोकन'. टोकन, चहा टाक. टोकन, माझा चष्मा कुठं हाय? पहिल्या दोन वेळा मीही हसले. तिसऱ्या वेळी मला राग आला आणि तो काही केल्या उतरेना.

कारण पावण्यानं खरं तेच ओळखलं होतं. लग्नानंतर पन्हाळ्याला गेलो तेव्हा आमचा मुलगा वीरेश पोटात होता, म्हणून सज्जाकोठीच्या पायऱ्यांशी मी खाली बसले. नंतर तो कडेवर होता. मग तो पळायला लागला, तर पिशव्या होत्या. गारगोटीला पुतणीच्या लग्नाला गेलो तेव्हा सगळं वऱ्हाड भुदरगड बघून आलं आणि मी पायथ्याला आहेराची भांडी सांभाळत गाडीत बसले. पुढं गुडघा दुखायला लागला, मग तर बोलायलाच नको. कारण बदलत गेलं, जागा तीच राहिली. गाडीतून उतरल्यावर यजमानांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दानम्मा, तू खाली बस." त्यात दुष्टपणा नसतो. बाहेर पडताना डोक्यावर टोपी चढवावी तसं ते वाक्य त्यांच्याकडून होतं.

मी मनाशी ठरवलं, आता जो पुढचा गड येईल त्यावर मी जाणार. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून माझ्या काळजीनं मला परत खाली बसवलं असतं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले होते. ते मी आजवर 'करते की' म्हणून टाळत होते, ते मुकाट्यानं सुरू केले. पाय जरा ऐकायला लागल्यावर मागच्या गल्लीतल्या अपार्टमेंटचे जिने धरले. तिथं लिफ्ट आहे, पण ती बहुतेक वेळा बंदच असते, त्यामुळं जिन्यावर बाई दिसली तरी कुणाला नवल वाटत नाही. सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडायचं आणि एक मजला चढून उतरायचं. मग दोन. वॉचमन विचारायचा, "कुणाकडं?" मी सांगायची, "वरच्यांच्याकडं." रोज रोज वरच्यांच्याकडं जाणारी ही कापडी पिशवीवाली बाई काय विकते, याचा त्यानं आपल्यापरीनं शोध लावला आणि एक दिवस म्हणाला, "मावशी, आमालाबी द्या की एक पापडाचं पाकीट." माझ्या तोंडावरच काहीतरी लिहिलेलं असावं. पावसाळा संपेपर्यंत मी गच्चीपर्यंत जाऊन येत होते, धापा टाकत, पण जात होते.

थंडीत वीरेशनं मालवणची टूम काढली. "समुद्र बघू, सिंधुदुर्ग बघू, मासं सोडून सगळं खाऊ," तो म्हणाला. आम्ही लिंगायत, त्यामुळं मालवणला जाऊन वरणभात मागणारी माणसं. माझ्या कानात मात्र एकच शब्द घुमला, दुर्ग. चौथीच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, समुद्रात आहे हे मला ठाऊक होतं. पण समुद्रात असला तरी गड तो गड, पाण्यातून वर आलेला डोंगर असेल आणि त्यावर तट, असं मी धरून चालले होते. कोल्हापूरच्या माणसाला आडवा गड सुचतच नाही. मी जिने आणखी जोरात चढायला लागले.

फोंडा घाट उतरून मालवणला पोचलो आणि सकाळी धक्क्यावर गेलो. समोर बघितलं तर काय! पाण्यावर परात ठेवावी तसा किल्ला पडला होता. तट होता, लांबच लांब होता, पण वर कुठं काहीच गेलं नव्हतं.

"डोंगर कुटं हाय?" मी विचारलं.

बोटवाला हसला. "डोंगर खंयचो काकी? किल्ल्यात जावचा आसा मा? सगळा सपाट आसा. बसा बोटीत."

किल्ल्यात. आमच्याकडं कुणी किल्ल्यात जात नाही, गडावर जातात. गड म्हटला की तो वर असतो, वर असला की त्याला खाली असतं, आणि खाली असलं की तिथं दानम्मा असते. मी वर जायची तयारी केली होती आणि इथं वरच नव्हतं. एवढे महिने त्या वॉचमनच्या नजरेसमोरून चढ-उतार केले ते पाण्यात गेले, असं वाटून मला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात यजमानांनी पिशवी माझ्याकडं सरकवली. "दानम्मा, तू खाली बस. आमी पटकन बघून येतो."

"खाली कुटं?"

त्यांनी सवयीनं बोट दाखवलं आणि मग स्वतःच तिकडं बघितलं. बोटाखाली धक्क्याचा दगड होता आणि दगडाखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं.

"हितं खाली समुद्र हाय," मी म्हटलं. "बसू व्हय त्यात?"

बोटवाले हसले. यजमान गडबडले. "खाली म्हंजे हितंच गं, धक्क्यावर."

"धक्का खाली न्हाय. सगळं सपाट हाय म्हणतोय की त्यो. किल्ला जेवढा वर, तेवढाच धक्का वर. मी येतो."

आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच म्हणतात, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या दिवशी ते 'येतो' जरा जास्तच ठासून निघालं असावं, कारण सून, शांभवी, माझ्याकडं वळून बघायला लागली.

बोलणं सोपं होतं. बोटीत पाय टाकायची वेळ आली तेव्हा मी पुढं केलेला पाय मागं घेतला. अपार्टमेंटचे जिने हलत नाहीत. ही बोट वर यायची, खाली जायची, धक्क्यापासून लांब व्हायची आणि पुन्हा येऊन आपटायची. पोहणं मला येत नाही, विहिरीत वाकून बघायचं तरी मी कठडा सोडत नाही. वर बुडू नये म्हणून देतात ते केशरी जाकीट अंगावर चढवलेलं, त्याच्या आत गळ्यातलं लिंग छातीला रुतत होतं. मागून वीरेश म्हणाला, "अव्वा, राहू दे की. कशाला हट्ट?" हे त्यानं बोलायला नको होतं, आणि बोलला तेच बरं झालं. मी बोटवाल्याचा हात धरला, बोट वर यायची वाट बघितली आणि आली तसा पाय टाकला. गुडघा कुरकुरला पण वाकला. बसले तेव्हा दुसऱ्या बाजूची काठाची फळी मी दोन्ही हातांनी धरली होती.

गंमत पुढंच आहे. बोट जरा आत गेली आणि लाटा आडव्या यायला लागल्या. मी शिवशिव करत डोळे मिटले. उघडले तेव्हा बघते तर यजमान पांढरे फटक पडलेले. आयुष्यभर गादीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, त्यांना कुठं हलायची सवय? त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. लग्नाच्या मांडवातही एवढा धरला नव्हता. मी बटव्यातली आवळासुपारी काढून त्यांच्या तोंडात घातली आणि माझी भीती कुठं गेली ते मला कळलं नाही.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरलो तर खरंच सपाट, पायवाटा, माड, थोडी घरं, देऊळ. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या विहिरी, त्यांची नावंही दूध, दही आणि साखर. मी एकीत कठडा न धरता वाकून बघितलं. बोटवाल्यानं तासाभरात परत यायला बजावलं होतं, त्यामुळं वीरेश पुढं पळत होता. यजमान मागून रखडत येत होते.

आणि मग तटाला लागून मला पायऱ्या दिसल्या.

दगडी, उंच, अरुंद, मधे झिजलेल्या, आणि धरायला काहीच नाही. वर तटावर माणसं चालत होती आणि त्यांच्या डोक्यावर नुसतं आभाळ होतं. माझ्या जिन्यांचं चीज व्हायची वेळ आली होती.

यजमान मात्र पहिल्या पायरीशी पोचले आणि मटकन बसले. "मला गरगरतंय. तुमी जावा."

वीरेशनं पाणी दिलं. शांभवीनं पर्सनं वारा घातला. मग ती माझ्याकडं वळून अगदी चांगल्या मनानं म्हणाली, "आत्ती, तुम्ही बसता का अप्पांजवळ? तशाही या पायऱ्या तुम्हाला झेपायच्या नाहीत."

सगळे माझ्याकडं बघत होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते असं. माझं माझ्या नवऱ्यावर प्रेम आहे. ते कितीही वाक्यं टाकोत, त्यांचा चेहरा असा उतरलेला मला बघवेना. बायकोनं बसायला हवं, हे कुणी मला सांगायची गरज नव्हती, माझे गुडघे आपोआप वाकायला लागलेच होते. पण आता बसले तर कायमचीच बसले, हेही तितकंच खरं होतं. यापुढं कुठलाही गड आला तरी काहीतरी कारण निघणार, आणि प्रत्येक कारण आजच्याइतकंच रास्त असणार.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. "लई तरास हुतोय का?"

"न्हाय. बसलं की बरं वाटतंय."

"खरं सांगा. छातीत, हातात कायबी न्हाय नव्हं?"

"न्हाय गं. त्या बोटीनं घुसळलंय नुसतं."

"मग तुमी खाली बसा," मी म्हटलं. "मी वर जाऊन येतो."

पायरी गुळगुळीत होती म्हणून मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. माझं बघून वीरेश-शांभवीनंही काढल्या. पिशवी, पर्स, बाटली, सगळं त्यांच्या बाजूला आलं. यजमान त्या पसाऱ्याकडं बघत राहिले.

मी चढले. भिंतीला हात लावून, चांगला पाय आधी, दुखरा मागून, गच्चीच्या जिन्यावर चढायची तशीच. मागून शांभवी "सावकाश, सावकाश" करत होती. तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर तिलाच धाप लागली आणि ते 'सावकाश' बंद पडलं. वर पोचले तेव्हा वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडवला आणि समोर समुद्र उघडला. एका अंगाला मालवणचे माड, दुसऱ्या अंगाला पाणी आणि फक्त पाणी. मला रडू आलं. का येतंय ते मला नीट कळत होतं आणि मी ते आवरायच्या भानगडीत पडले नाही.

वीरेश जवळ येऊन म्हणाला, "अव्वा, तू हे कधी शिकलीस?"

"वरच्यांच्याकडं," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

तटावरून मी मनसोक्त चालले. परत येताना खाली बघितलं. यजमान पायरीशी बसले होते, चपला समोर, पिशव्या कडेला. कॉलेजातल्या पोरींचा एक घोळका आला. त्यातली एक त्यांच्यासमोर वाकली, सँडल काढले, काहीतरी बोलली आणि पायऱ्या चढायला लागली.

मी उतरून खाली आले. यजमानांच्या तोंडावर रंग परत आला होता.

"काय म्हणत हुती ती?" मी विचारलं.

"टोकन मागत हुती."

मी थांबले. आता ते हसतील म्हणून वाट बघितली. ते हसले नाहीत.

"मग तुमी काय म्हणाला?"

"काय म्हणणार? टोकन न्हाय, पर ठेव, म्हणलं."

मी माझ्या चपला घातल्या. वीरेश घड्याळ बघत होता, बोटीची वेळ झाली होती. "अप्पा, उठा, बरं वाटतंय न्हवं? बोट जाईल की."

"थांब की," यजमान म्हणाले. "त्या पोरीचं सँडल हायत हितं. ती आली न्हाय अजून."

वीरेश आणि शांभवी पुढं निघाले. मी उभी राहिले. यजमानांनी मान मागं टाकून तटाकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरून बघितलं, थोडं सरकून बघितलं.

"हितं बसलं की वरचं कायबी दिसत न्हाय गं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "कुठल्याच गडावर दिसत न्हाय."