बिबट्याच्या मादीची वर्तुळं

"आलीच न्हाई त्याची आई," केशरबाई म्हणाली आणि विहिरीवरच्या क्रेटमधलं मेलेलं पिल्लू तिनं पदरानं झाकलं.

काल आमच्या कोल्हारच्या उसात तोडणी करताना ते तिलाच सापडलं होतं. बिबट्याचं, मांजराएवढं. वनखात्याच्या माणसानं बजावलं होतं, सापडलं तिथेच रात्रभर ठेवा, मादी येऊन घेऊन जाते. पण उसाचा ट्रॅक्टर रानात यायचा होता. पिल्लू चिरडायला नको म्हणून माझ्या नवऱ्यानं, वाल्मिकनं, ते क्रेटमध्ये घालून विहिरीवर नेलं. "वासानं काढील की माग," म्हणाला. विहिरीवर मोटार रात्रभर घरघरत होती.

केशरबाईचा सगळा जीव त्या पिल्लात अडकला होता. ऊसतोडीला येताना तिनं स्वतःची तान्ही पोर पाथर्डीला सासूकडे ठेवलेली. दिवाळीपासून भेट नाही. हल्ली व्हिडिओ कॉलवर हिनं हाक मारली की पोरगी तोंड फिरवते.

"म्हंजी आईबी सोडून जाती," ती पुटपुटली. "मंग माझी पोर रुसती, त्यात तिचं काय चुकलं?"

"जनावर ते, त्याला कसली माया," वाल्मिक म्हणाला. त्याच्या तोंडाला लागण्यापेक्षा रानात गेलेलं बरं, म्हणून मी निघाले. केशरबाई मागोमाग आली.

उसाचं वाळलं पाचट ओढून घेतलेल्या ओलसर मातीत पंजे उमटले होते. इकडेतिकडे भरकटलेले नव्हेत. वळत गेलेला गोल, त्याच्या आत लहान गोल, त्याच्या आत आणखी लहान. जन्म गेला माझा शाळेत भूमिती शिकवण्यात, हात आपोआप चालले. ठशांवर उसाची कांडी रोवली, सुतळीनं दोन जीवा धरल्या, त्यांचे लंबदुभाजक ओढले. ते एका सरीत मिळाले, तोच सगळ्या गोलांचा मध्य.

"हितंच घावलं हुतं," केशरबाई म्हणाली.

"आली होती ती, केशरबाई. रात्रभर याच जागेभोवती फिरली. जवळ जवळ येत राहिली."

मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल. कसलं बरं! ती मटकन सरीत बसली.

"पन पिल्लाला कुठं कळलं, बाई, ती आल्ती म्हनून?"

मी तिच्याशेजारी मातीत बसले आणि मलाही रडू आवरेना.