मांजराचा वास

मोसम उलटून गेल्यावर समुद्रकिनारी जाण्यात मजा असते असं म्हणणाऱ्याला मी तीन दिवस त्या गेस्ट हाउसात कोंडून ठेवीन. गर्दी नाही, गोंगाट नाही, हवा गार, हे सगळं कबूल. पण उन्हाळाभर येऊन गेलेल्या लोकांचा कचरा किनाऱ्यावर तसाच पडलेला असतो, कुजलेल्या शेवाळाचे ढीग लागलेले असतात आणि त्यांवर माश्या घोंगावत असतात. पाय उचलावा तर चपलेखाली मेलेला खेकडा. शी! मला तिथला चहासुद्धा खारट लागत होता.

मी काही हवा खायला गेले नव्हते. बाबांना घरी आणायला गेले होते. आई गेल्यावर दोन वर्षं ते माझ्याकडे होते. मग असाच मोसम संपल्यावर "आठ दिवस समुद्रावर जाऊन येतो" म्हणून निघाले, ते महिना झाला तरी तिथेच. परवा फोन आला, "मी इथेच राहीन म्हणतो. मालकीणबाईंची हरकत नाही. तू एकदा येऊन बघ, तुला पटलं तरच." मला पटणार नाही हे मी गाडीत पाय ठेवण्याआधीच ठरवलं होतं.

बावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आहे. रोज सातशे चादरी माझ्या नाकाखालून जातात. कुठल्या चादरीवर काय सांडलंय ते मी दारातून सांगते. धाकटा भाऊ मला श्वानपथक म्हणतो.

त्या गेस्ट हाउसात शिरल्या शिरल्या माझ्या नाकाला काम लागलं. पडदे दमट, टॉवेल चिकट, खिडकीच्या चौकटीला काळी बुरशी आणि साबणाच्या वडीवर कुणाचा तरी लांबलचक केस. मालकीणबाई ठेंगण्या, ढगळ ॲप्रनातल्या, सदा ओल्या हातांच्या. बाबा मात्र चक्क सुधारले होते. गालांवर मांस आलं होतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. मला त्याचाही राग आला.

मग त्यांनी हौसेनं आपली खोली दाखवायला नेलं. दार उघडलं आणि मी नाकाला रुमाल लावला.

"मालकीणबाई, या गादीवर कुणीतरी लघवी केलीये."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मालकीणबाईंनी ॲप्रनला हात पुसले.

"मांजर येतं हो एक. मेलं मागच्या खिडकीतून शिरतं. त्यात या हवेत गादी वाळत नाही."

"म्हाताऱ्या माणसाच्या बिछान्यात मांजर घाण करतं आणि तुम्ही बघत बसता?"

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.

मांजराचा वास वेगळा असतो, जास्त उग्र. हे मला झोपेतही कळलं असतं. पण मला त्या बाईंची चूक हवी होती आणि ती आयती मिळाली, मग नाकाला कोण विचारतो?

ते दोन दिवस मी त्या मांजराचा जप केला. नाश्त्याला मांजर, जेवताना मांजर. "अशा उकिरड्यात मी माझ्या वडिलांना ठेवणार नाही," असं मालकीणबाईंना तोंडावर सुनावलं. त्या दर वेळी "चुकलंच" म्हणायच्या आणि बाबा ताटात मान घालून जेवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची बॅग भरली. दुपारची बस होती. वाटेत खायला बिस्किटं घ्यावीत म्हणून समोरच्या दुकानात गेले आणि सवयीनं तिथेही मांजराची तक्रार सांगितली.

दुकानदार हसला. "काकूंच्या घरात मांजर? अहो, मांजर नुसतं अंगणात आलं तरी त्यांचे डोळे सुजतात. त्यांच्यापायी माझं मांजर मी दुकानाबाहेर सोडत नाही."

मी बिस्किटं तिथेच विसरले आणि मागच्या बाजूनं घरात आले. परसात मालकीणबाई टबापाशी बसल्या होत्या. टबात मी घेऊन दिलेला बाबांचा रेघारेघांचा पायजमा होता. आधी गार पाणी, साबण नंतर, अगदी आम्ही करतो तसं. दोरीवर रबरी चादर वाळत होती. तिच्या चारी कडांना जुन्या मऊ सुताची पट्टी शिवलेली होती, मांडीला काचू नये म्हणून. बावीस वर्षांत आमच्याकडे हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

"आज परत ते मेलं मांजर…" त्यांनी सुरुवात केली.

"राहू द्या," मी म्हटलं आणि आत गेले.

बाबा खोलीत बुटांच्या नाड्या बांधून बॅगेशेजारी बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"कधीपासून होतंय, बाबा?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुझी आई होती तेव्हापासून. ती सांभाळून घ्यायची."

"माझ्याकडे तर एकदाही नाही झालं. दोन वर्षं तुमच्या चादरीला साधी सुरकुती नव्हती. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे."

"तुझ्याकडे मी पलंगावर झोपलोच नाही गं. रात्रभर खुर्चीत बसायचो. तू कामावर गेलीस की आतून कडी लावून बाथरूममध्ये झोपायचो. फरशीवर. तिथे धुवायला सोपं."

"मला सांगायचं होतंत! माझं तर कामच ते आहे."

"तू घरी आल्यावर चादरी ओल्या करणाऱ्या त्या पेशंट लोकांचं काय काय सांगायचीस, जेवताना. नाक मुरडून. मी ऐकायचो ना."

मला माझीच किळस आली. बाबा बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होते. मग शहात्तर वर्षांच्या त्या माणसानं शाळेतल्या मुलासारखं मला विचारलं,

"मी राहू इथं? चालेल तुला?"