मेलेल्या अक्काची चूल

मी मेले डिसेंबरात. मला कळलं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तेही एका डच मास्तरांकडून.

त्या सकाळी मी मागच्या दारी कुपा मासा कापत बसले होते. खाडीकडून इंजिनाचा आवाज आला. आवाज जयतिस्सच्या होडीचा नव्हता, धाकट्या भावाच्या होडीचा खोकला मी झोपेतही ओळखते. होडी पियदासची होती. तो शेजारच्या बेटावर कोळंबी धरतो. तिच्यातून डच मास्तर, योप, उतरला. सत्तरीचा, ताडमाड उंच, अंगात पांढरा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. चार वर्षं हा माणूस दर हिवाळ्यात यायचा, माझ्या ओट्यावर मांडी घालून बसायचा, हाताने जेवायचा आणि गुडघे धरले की लहान पोरासारखा ओरडायचा.

मला बघून तो पायरीवरच थबकला. चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ही कोण?" त्याने पियदासला विचारलं.

"यसवती अक्का. आणखी कोण असणार? या बेटावर दुसरं राहतंय कोण?"

योप ओट्यावर बसला आणि रडायला लागला. मग त्याने कागद सोडला. आत माझा फोटो होता, चौकटीत बसवलेला. मी खवणीवर बसून नारळ खवतेय आणि कशाला तरी हसतेय. "घरून तुझ्यासाठीच आणला होता. आज तुझ्या माणसांना देणार होतो," तो म्हणाला. "भिंतीवर लावायला."

मला आधी हसूच आलं. "मास्तर, मी गेले असं सांगितलं कोणी तुम्हाला?"

"तुझ्या भावाने. काल, समोरच्या हॉटेलात. तुझ्या चुलीपाशी उभा राहून सांगत होता."

माझी चूल माझ्या पाठीमागे होती. तिच्यावर भात शिजत होता.

आता हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर मलाच वाटेल की मी भुतासारखी बडबडतेय. आमची खाडी श्रीलंकेतल्या बलपिटियाजवळची. खाडीत लहानमोठी बेटं, बेटांवर दालचिनीची बनं. आमचं बेट इतकं लहान की त्यावर एक घर, एक विहीर आणि अकरा माड. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि जयतिस्स सहा. दोन चांगली स्थळं मी परत पाठवली, कारण दोघांनाही मी हवी होते, पण जयतिस्स नको होता. त्याला मी पोहायला शिकवलं, होडी घेऊन दिली, लग्न करून दिलं. तो बायकोच्या घरी रस्त्याकडच्या काठावर राहायला गेला आणि परदेशी लोकांना होडीतून खाडी दाखवायला लागला. फिरून दमलेल्यांना तो माझ्याकडे जेवायला आणायचा. मी आईच्या मडक्यांत आंबुल तियल करायचे. म्हणजे कुप्याच्या जाड तुकड्यांना कोकमासारख्या गोरक्याची काळी आंबट सालं आणि मिरी वाटून चोळायची, आणि मडक्यात रस पार आटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. जोडीला लाल भात, फणसाची भाजी, खोबऱ्याची तिखट चटणी. लोक बोटं चाटायचे. बावीस वर्षं हे चाललं होतं. माझं जगणं म्हणजे तेच होतं. दुपारी होडीचा खोकला ऐकू यायचा आणि मी पानं मांडायला घ्यायचे.

गेल्या डिसेंबरात जयतिस्स एकटाच आला. म्हणाला, "अक्का, यंदा लोक कमीच आहेत. दुनियेत काहीतरी बिनसलंय."

"दुनियेत कधी बिनसलेलं नसतं?"

"तसं नाही गं. यंदा जास्तच." मग मान खाजवत म्हणाला, "मंगलिकाची खवणी मोडली. आईची नेऊ का? आणि ती तीन मडकी पण. तिला तुझ्यासारखं आंबुल तियल करायचंय."

मंगलिका त्याची बायको. तिला तेवीस वर्षांत स्वयंपाकाची हौस आली नव्हती, ती आता आली म्हणून मी खूश झाले. खवणी धुऊन, पुसून दिली. मडकी गवतात बांधून दिली, होडीत फुटू नयेत म्हणून. एका मडक्याच्या काठाचा टवका उडालेला आहे. सात वर्षांचा असताना जयतिस्सने ते पाडलं होतं.

चार महिने होडी आली नाही. मी रोज पानं पुसून ठेवायचे.

मग एप्रिलात नवं वर्ष आलं. जुनं वर्ष सरलं की आमच्याकडे चुली विझवतात आणि मुहूर्त लागेपर्यंत कोणी काही काम करत नाही. मुहूर्ताला नव्या मडक्यात दूध तापवायचं, ते उतू जाऊ द्यायचं, दुधाचा भात करायचा. मग धाकट्यांनी मोठ्यांना विड्याच्या पानांची जुडी द्यायची, पाया पडायचं आणि वर्षभरात झालेल्या चुकांची माफी मागायची. मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, माफ केलं. एकदा म्हटलं की संपलं. नंतर तो विषय उकरून काढला तर उकरणाऱ्याचंच नाव खराब होतं.

जयतिस्स दर वर्षी हे सगळं घाईघाईत उरकायचा. एक डोळा माझ्या पायांवर, दुसरा कवुमच्या ताटावर. कवुम म्हणजे तेलात तळलेला गोड वडा, वर बुचडा असलेला, आणि माझ्या कवुमचा बुचडा कधी पडत नाही. पण यंदा तो हळू आला. जुडी दोन्ही हातांनी दिली, गुडघे टेकले, कपाळ माझ्या पायांना लावलं आणि तसाच राहिला.

"अक्का, या वर्षात माझ्या हातून कळत-नकळत जे काही झालं असेल, त्याची माफी दे."

"दिली."

"अशी नाही. मनापासून म्हण. सगळ्याची."

मंगलिका होती, पियदासच्या घरची सगळी होती. मी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. "सगळं माफ. एकही राहिलं नाही." मला वाटलं, चाळिशी उलटल्यावर का होईना, पोरगं शहाणं झालं. मी त्याला दोन कवुम जास्तीचे बांधून दिले.

आणि आता योप माझ्या ओट्यावर माझाच फोटो मांडीवर घेऊन बसला होता.

मी देवळात जायची पांढरी साडी नेसले. पियदासला म्हटलं, होडी काढ. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही रागात आहात. जरा पाणी प्या आणि मग जा." मी पाणी प्यायले आणि गेले.

हॉटेल समोरच्या काठावरच होतं. मी त्याचे दिवे रोज बघायचे, पण कधी गेले नव्हते. योप सोबत असल्यामुळे मला कोणी अडवलं नाही. बागेच्या टोकाला झावळ्यांचं छप्पर होतं आणि त्याखाली मातीची चूल होती. तिच्यावर आईची तीन मडकी होती, टवका उडालेलं सगळ्यांत पुढे. आईच्या खवणीवर एक कोवळी पोर जुन्या पद्धतीचं लुगडं-चोळी घालून बसली होती आणि करवंटीपर्यंत खवत होती. पांढऱ्या खोबऱ्यात तपकिरी कीस पडत होता. कोणी तिला शिकवलंच नव्हतं.

समोर बारा-पंधरा पाहुणे बसले होते, आणि जयतिस्स उभा राहून इंग्रजीत सांगत होता. इतकी वर्षं परक्यांना वाढून मला इंग्रजी चांगलं कळतं.

"ही माझ्या अक्काची चूल," तो सांगत होता. "आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. अक्काने माझ्यासाठी लग्न केलं नाही. माशाचं डोकं मला द्यायची आणि स्वतः नुसत्या रश्शाशी भात खायची. म्हणायची, मला डोकं आवडत नाही. मोठा होईपर्यंत मला ते खरंच वाटायचं. दोन सुके नारळ माझ्या काखेत बांधून तिने मला पोहायला शिकवलं. ती गेल्या वर्षी गेली. तिच्या हातची चव परत यायची नाही."

त्याचे डोळे भरले होते. खरे भरले होते. मी त्याला ओळखते, खोटं रडायला त्याला कधी जमलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण माझेही भरले. चाळीस वर्षांत यातला एक शब्द त्याने मला ऐकवला नव्हता. माशाच्या डोक्याचं त्याला कळलं होतं हेच मला माहीत नव्हतं. मी खांबामागे उभी राहून अजून ऐकायची वाट बघत होते. माझ्याच मरणाचं कौतुक मी हपापल्यासारखी ऐकत होते.

मग त्याने मला पाहिलं.

त्याचा आवाज बंद पडला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं, माझी पांढरी साडी बघितली आणि हळुवारपणे विचारलं, "या तुमच्या घरातल्याच का?"

दाराशी हॉटेलचा मॅनेजर हात बांधून उभा होता. जयतिस्सने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चुलत बहीण," तो म्हणाला. "पलीकडच्या बेटावरची."

योप उठायला लागला. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मला बघायचं होतं की हा कुठपर्यंत जातो. त्या पोरीने मला पण कमळाच्या पानावर वाढलं. आंबुल तियलला पाणी सुटलेलं होतं. मी एक तुकडा खाल्ला आणि पान घडी घालून ठेवलं.

धक्क्यापाशी तो माझ्यामागे धावत आला. "अक्का, तू इथे कशाला आलीस?"

"कोण मेलंय ते बघायला."

"ऐक ना. मॅनेजर म्हणाला, जिवंत बाईकडे लोक जेवतात आणि निघून जातात. मेलेल्या बाईची चूल असली की थांबतात, ऐकतात, पुन्हा येतात. मी आधी नाहीच म्हटलं होतं."

"मग?"

"मग... मंगलिका म्हणाली, नुसतं तोंडाने म्हटल्याने कोणी मरतं का?"

"जयतिस्स, एक काम कर. आत जा आणि सांग की ती जिवंत आहे. एवढंच. मडकी ठेव, खवणी ठेव, लोकही तुझे तू ठेव. फक्त एवढं सांग."

तो चपलेच्या टोकाने वाळू उकरत राहिला. "आता कसं सांगू? सगळ्यांसमोर खोटा पडेन मी."

मी होडीत चढायला लागले. तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "आणि तू माफ केलंयस, अक्का. पियदास होता तिथे. सगळं माफ, एकही राहिलं नाही, असं तूच म्हणालीस."

म्हणजे तेवढ्यासाठी त्याने कपाळ टेकलं होतं. माझे पाय धरले तेव्हा मी त्याच्या लेखी मरून चार महिने झाले होते, आणि मेलेल्या बाईकडून तो माफी घेऊन गेला होता, वर दोन कवुमही. मडक्यांचं दुःख मी गिळलं असतं. हे मला गिळवेना.

वर्ष गेलं. योपने कुणाकुणाला कळवलं असावं, कारण पियदासच्या होडीतून अधूनमधून दोघंतिघं येऊ लागली. नव्या मडक्यांना अजून चव धरायची होती, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. जयतिस्सच्या होडीचा खोकला रोज समोरून जायचा आणि थांबायचा नाही.

पुन्हा एप्रिल आला. मुहूर्ताला दूध उतू गेलं, बरोबर पूर्वेच्या अंगाला, म्हणजे शुभ. पियदासच्या घरची मंडळी जमली होती. मी योपचा फोटो पुढच्या भिंतीवर लावला होता, त्याला पांढऱ्या चाफ्याचा हार घातला होता आणि खाली दिवा ठेवला होता.

पियदास कानकोंडा झाला. "अक्का, नव्या वर्षाचं असलं अभद्र करू नका हो."

"बस रे. भात घे."

तेवढ्यात होडी आली. मला खात्री होती तो येणार. वर्षभर तोंड लपवलं तरी नव्या वर्षाला मोठ्यांकडे न जाणं आमच्यात फार वाईट दिसतं, आणि वाईट दिसण्याला जयतिस्स घाबरतो. मागे मंगलिका होती. त्याच्या हातात चाळीस पानांची ताजी जुडी होती, देठ त्याच्याकडे, टोकं माझ्याकडे, अगदी रीतीने. त्याने फोटोकडे पाहिलं नाही. सरळ माझ्यासमोर गुडघे टेकले आणि जुडी पुढे केली.

"अक्का, या वर्षात कळत-नकळत..."

मी पाय मागे घेतले.

"तुझं काहीतरी चुकतंय," मी म्हटलं. "मी चुलत बहीण. पलीकडच्या बेटावरची. माफ करायचा अधिकार तुझ्या अक्काचा, आणि ती तर गेली." मी भिंतीकडे बोट केलं. "ती तिथे आहे. तिला विचार."

तो तसाच गुडघ्यांवर होता, जुडी पुढे धरून. त्याने मान वळवून फोटोकडे बघितलं, त्या हसण्याकडे, आईच्या खवणीकडे. मेलेल्या माणसाला विड्याची पानं देत नाहीत, हे लहानपणी मीच त्याला शिकवलं होतं. मी हात पुढे करीन म्हणून तो बराच वेळ थांबला. मलाही वाटत होतं की करावा. पण मी केला नाही.

मग मी कवुमचं ताट उचललं आणि सगळ्यांना वाढत गेले. त्याच्यापाशी आले तेव्हा त्याच्यासमोरही एक ठेवला. घरी आलेल्या पाहुण्याला मी उपाशी पाठवत नाही.