पोकळ भिंत

चंद्रभान मिस्त्रीच्या भिंतीवर चढायले पालसुद्धा घाबरे, इतकी ती गुळगुळीत! एकीनं हिंमत केली, तं घसरत घसरत थेट रामटेकले पोचली म्हणतात. कोराडीच्या आजूबाजूची अर्धी घरं त्याच्याच हातची.

मग गावात नवी शाळा निघाली. इंजिनियर होत्या मेघा मॅडम, त्याच्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, ही वीट पावरहाऊसच्या राखेची आहे. ती आडवी नाही, कडेवर उभी लावायची. भिंतीच्या पोटात जागा रिकामी सोडायची. आतली हवा ऊन अडवते."

"पोकळ भिंत?" चंद्रभानले वाटलं, बाईनं तोंडावर थापीच हाणली. "मॅडम, पोकळ ढोल असते. त्यात पोट्टे बसवता का?"

पण बांधली बिचाऱ्यानं. एक खोली झाली, दोन झाल्या. तिसरी होती पहिलीच्या वर्गाची. तिथं त्याची नात भूमिका बसणार होती, अन् तिथं त्याचा हात अडला. पोरीच्या अंगावर भिंत आली तं? मग दुपारी सगळे जेवायले गेले, का हा एकटाच मावळतीच्या भिंतीच्या पोटात सिमेंट-रेतीचा गच्च मसाला भरे. आठ दिवस डबा जसाच्या तसा वापस.

बायको जयवंता म्हणे, "काहून जी, मॅडम तिथं पुरणपोळी खाऊ घालून राहिली का?"

शाळा भरली. एप्रिल आला. त्या साली ऊन असं, का म्हशी उकळलेलंच दूध देत. चहावाल्यानं फक्त पत्ती टाकायची. दोन वर्ग गार, अन् पहिलीचा वर्ग भट्टी. काल दुपारी खाल्लेलं ऊन ती भिंत आज सकाळी ओकत होती. एक दिवस भूमिकाच्या नाकातून रक्त आलं.

चंद्रभान धावत आला. पोरगी व्हरांड्यात निजलेली, डोक्यावर ओला फडका. आत मेघा मॅडम भिंतीवर तळहात ठेवून उभ्या.

"काका, माझंच काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "पुढच्या दोन शाळा जुन्याच पद्धतीनं बांधा, असं लिहून देते मी आज."

चंद्रभान गप राहिला असता तं त्याचं नाव राहिलं असतं. पण मग त्या दोन शाळांतले पोट्टे भाजले असते, अन् ही लेकीसारखी मॅडम जन्मभर स्वतःले बोल लावत राहिली असती. त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"भिंतीले दोष नका देऊ जी. पोट मीच भरलं तिचं."

"कधी?"

"तुम्ही जेवायले जात होत्या तवा. इथं माही नात बसणार होती ना. मले वाटलं, पोकळ भिंत पडन."

मॅडमनं भिंतीवरचा हात काढला. मग हळूच म्हणाल्या, "आणि बाकीच्या दोन वर्गांतली पोरं कोणाची होती, काका?"

चंद्रभानले मान वर करता आली नाही. "त्यायचेही आजे असतीन," तो पुटपुटला.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं ती भिंत स्वतःच्या हातानं उतरवली. छत पिलरवर होतं, त्याले धक्का नाही लागला. मग एकेक वीट कडेवर उभी करत तो पुन्हा बांधू लागला. भूमिका बाजूले येऊन बसली.

"आबा, आत काय ठेवून राहिले?"

"हवा."

"दिसत तं नाई."

"म्हणून तं कोणी चोरत नाई."

पोरीनं त्या पोकळीत तोंड घातलं अन् काहीतरी बोलली.

"काय सांगितलं वं?"

"तुमाले काहून सांगू?"

चंद्रभाननं वीट बसवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तं काय, सुट्टी असून पहिलीचे बावीसच्या बावीस पोट्टे लाइन लावून उभे! प्रत्येकाले आपलं गुपित भिंतीत ठेवायचं होतं. त्या दिवशी भिंत वीतभरही वर सरकली नाही. मॅडमनं दोनदा घड्याळ दाखवलं. पण चंद्रभाननं थापी खाली ठेवली, अन् एकाही पोट्ट्याले वापस धाडलं नाही.