न विसळलेले पेले

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. त्याचे पेले पाळीपाळीने धुतात. महिन्याला एक घर. अंगठ्याएवढे काचेचे साठ पेले आणि ते बसवायचे दोन गोल ट्रे. ही पाळी कुणालाच आवडत नाही, कारण एवढ्याशा पेल्यात बोट जात नाही आणि तळाला वाळलेला द्राक्षरस काही केल्या निघत नाही. त्यामुळे मी सलग चार महिने पाळी पुढे दिलीच नाही, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. "किती मनापासून करते हो तुमची सून," असं बायका सासूबाईंना सांगायच्या. सासूबाई नुसत्या "हं" म्हणायच्या.

मनापासून वगैरे काही नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी मी सतरंजीवर बसून नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. बेल वाजली. कुरिअरवाला होता, आणि सही करायला त्याचं पेन चालेना. दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात चिमणीने इस्त्रीवर डावा तळवा ठेवला. आमच्या मुलीला घरात सगळे चिमणीच म्हणतात. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. जखम भरली, पण करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून राहिलं. डॉक्टर म्हणाले, मालीश करा, बोटं हळूहळू ताणा, बघू. त्या "बघू"ला मी पाच महिने लटकून होते.

मालीश दिवसातून सहा वेळा सांगितली होती. मी आठ वेळा करायचे आणि फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात प्रत्येक वेळी फुली मारायचे. सासूबाई उठायच्या आत भांडी घासून पालथी घालायचे. त्यांच्या पायांना तेल, त्यांच्या गोळ्या, त्यांचा चष्मा पुसणं. त्या नको म्हणाल्या तरी. नवरा त्या दिवसापासून चुरगळलेले शर्ट घालून कामावर जाऊ लागला. इस्त्री त्यानेच माळ्यावर टाकली होती. तो कधी काही बोलला नाही, पण तो दाराबाहेर पडताना मला त्याच्या पाठीवरची एकेक सुरकुती दिसायची.

आणि मी प्रभुभोजन घेणं थांबवलं. ट्रे आला की न उचलता पुढे सरकवायचा. हे फक्त सासूबाईंना माहीत होतं, कारण त्या माझ्या शेजारी बसतात. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की चिमणीची बोटं सरळ झाली की घेईन, तोवर पेले धुवीन. असं कुठे शिकवलेलं नाही, हे मला कळत होतं. कॉलेजात तर्कशास्त्र हा माझा विषय होता. कळून काही उपयोग होत नव्हता, एवढंच.

पाचव्या महिन्यातल्या त्या शनिवारी दुपारी मी पेले तीनदा घासले, तरी उजेडात धरल्यावर एकाच्या तळाशी डाग वाटला. डाग होता की माझे झोपेला आलेले डोळे, देव जाणे. चिमणीच्या दुधाच्या बाटल्यांसाठी जंतुनाशक गोळ्या आणलेल्या होत्या. पाच लिटर पाण्याला एक गोळी. मी टबात दोन टाकल्या. मग वाटलं, साठ माणसांच्या ओठांना लागणार आहेत. तिसरी टाकली. पाकिटावर लिहिलं होतं की बाहेर काढल्यावर विसळू नये, नळाच्या पाण्याने पुन्हा जंतू लागतात. मी शब्दाला पक्की. विसळले नाहीत. तसेच वाळवले आणि वर स्वच्छ फडकं टाकलं.

रविवारी पाळकसाहेब नेहमीच्या सावकाश आवाजात बोलत होते. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते एका हाताने मेज धरून उभे राहतात. विषय कृपेचा होता. माणूस आपल्या कामांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावर विश्वास ठेवून ठरतो. क्षमा कमवायची नसते, घ्यायची असते. हे मी इतक्या लहानपणापासून ऐकत आलेय की रस्त्यावरच्या हॉर्नसारखं ते कानावरून निघून जातं. मी चिमणीला मांडीवर घेऊन तिची करंगळी ताणत बसले होते. अकराची मालीश उपासनेतच पडते.

ट्रे आला. मी पुढे सरकवला. आमच्याकडे सगळे पेला हातात धरून थांबतात आणि पाळकसाहेबांनी म्हटलं की एकदम पितात. सगळे एकदम प्याले.

आणि सगळ्यांची तोंडं एकदम वाकडी झाली.

पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी अर्ध्यावर थांबून पेल्यात पाहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि उरलेलं पिऊन टाकलं. मागून निवृत्त कंपाउंडरकाकांचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते कुजबुजले तरी सगळ्यांना ऐकू जातं. "आज रस दवाखान्यातून आणलाय का?"

दोन-तीन जण हसले. चव कशी आहे हे कळत नसलेली त्या सभागृहात मी एकटीच होते. पण कारण काय, हेही मला एकटीलाच माहीत होतं. सगळ्या मंडळीला औषध पाजलं आपण.

उपासना संपल्यावर मी चिमणीला नवऱ्याकडे दिलं आणि मागच्या खोलीत गेले. पाळकसाहेब खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. मागोमाग सासूबाई आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. गोळ्या, टब, पाकीट.

"तीन?" पाळकसाहेब म्हणाले.

"तीन."

"कंपाउंडरकाकांनी बरोबर ओळखलं म्हणायचं. ते म्हणाले, पोहण्याच्या तलावातली चव आहे, पण एवढ्याने काही होत नाही." त्यांनी घोटभर पाणी पिऊन पाहिलं. "चव मात्र जात नाही."

"पुढच्या महिन्यात मी दहादा विसळीन. महिनाभर हॉलही मीच झाडते, हवं तर."

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "हिला नवीन काम मिळालं."

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्या रागावल्या की हळू बोलतात.

"हॉस्पिटलात त्या दिवशी मी तुला काय म्हटलं होतं?"

"आई, ते आत्ता कशाला..."

"काय म्हटलं होतं?"

"माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, असं."

"मग खरं वाटलं का तुला?"

मी टेबलावरच्या ट्रेकडे पाहत राहिले. त्यात चार पेले भरलेले उरले होते.

"नाही वाटलं," त्याच म्हणाल्या. "मी उठायच्या आत भांडी घासतेस, तेव्हा मला काय वाटतं माहीत आहे? ही रोज सकाळी मला खोटारडी ठरवते. मी माफ केलं म्हणते, आणि ही कढई घासून सांगते, नाही केलं तुम्ही."

"आणि तो?" मी विचारलं. "तो शर्ट तसेच घालतो."

"तो लग्नाआधीही तसाच हिंडायचा. तू घरात इस्त्री आणलीस."

पाळकसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग म्हणाले, "तुझ्या सासूबाई म्हणत होत्या, पाच महिने तू घेतलं नाहीस?"

"चिमणीचा हात बरा झाला की..."

"आणि नाही झाला तर?"

हा प्रश्न आजवर कुणीच मला विचारला नव्हता. डॉक्टरांनीसुद्धा नाही. नाही झाला तर मी काय करणार होते? आठाच्या सोळा मालीश? मला एकाएकी इतकं दमल्यासारखं झालं की मी भिंतीला टेकले.

"लायक नाही वाटत हो मला," मी म्हटलं.

"मीही मला लायक नाही वाटत. इतकी वर्षं मेजामागे उभा आहे." त्यांनी ट्रे माझ्याकडे सरकवला, मी दर महिन्याला दुसऱ्यांकडे सरकवायचे तसाच. "हे लायकीचं बक्षीस नाही, पोरी. लायकी ख्रिस्ताची. आपण हात पुढे करायचा."

"पण हे खराब झालेत. मीच केलेत."

"आम्ही सगळे प्यालो ना," सासूबाई म्हणाल्या. "तू काय वेगळी आहेस?"

पाळकसाहेब मेज धरून उठले. त्यांनी भाकरीचा तुकडा दिला, नेहमीचे शब्द म्हटले, कुठलाच शब्द न गाळता. मी पेला उचलला. खरंच भयंकर चव होती. गोड, आणि त्याच्या मागून घशाला लागणारं औषध. डोळ्यांत पाणी आलं, ते कशामुळे हे मला सांगता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "आहे ना घाण?" मी मान हलवली.

मी सवयीने बाही वर करून नळ सोडला. सासूबाईंनी तो बंद केला. "या महिन्यापासून कंपाउंडरकाकांची पाळी. मी सांगून आलेय त्यांना."

"त्यांना या वयात तळ नाही दिसणार."

"नाही दिसला तर नाही दिसला."

घरी आल्यावर मी पाच मिनिटं म्हणून आडवी झाले. जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. एकची मालीश गेली, तीनची गेली. धडपडत बाहेर आले. नवरा जमिनीवर बसला होता, चिमणी त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती. दोन बोटं तशीच आत वळलेली. उरलेल्या तीन बोटांनी ती पुरेसं ओढत होती.

"उठवलं का नाहीस?"

"आई नको म्हणाली. मालीश केली मी, एकदा. तक्त्यात फुली मारू का?"

फ्रिजवर दोन चौकोन रिकामे दिसत होते. मी पेन हातात घेतलं. मग ते परत ठेवलं आणि त्याच्याशेजारी खाली बसले.