सहाव्या मिनिटाचे सात ठोके

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, वाटोळी, जेवणाच्या ताटाएवढी. माझ्या अंगावर एकच लांब रेघ कोरलेली आहे. ती कडेपासून निघते आणि गोल गोल फिरत पार मध्यापर्यंत जाते. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, अशा तबकड्या तर ढिगाने असतात, त्यात तुझं काय एवढं कौतुक? खरं आहे. पण माझ्यापायी दोन शहाणी माणसं एकोणतीस वर्षं वेडी झाली होती. आणि एक बाई तेवढीच वर्षं नळ सोडून स्वयंपाकघरात उभी राहत होती.

माझा जन्म अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला. तिथे चार कृष्णवर्णीय वादक होते. एकाकडे सॅक्सोफोन, दुसऱ्याकडे ट्रम्पेट, तिसऱ्याकडे माणसाहून उंच असं तंतुवाद्य आणि चौथ्याकडे ड्रम. त्यांच्या वाजवण्याला ठरलेली चाल नव्हती आणि ठरलेला तालही नव्हता. एकाने सुरुवात करायची, बाकीच्यांनी ती कान देऊन ऐकायची आणि मग ज्याला जे सुचेल ते वाजवायचं. ऐकणाऱ्याला कधी ते भांडण वाटे, कधी प्रार्थना, कधी पक्ष्यांनी भरलेलं झाड. कंपन्यांनी त्यांना "असलं कोण ऐकणार?" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. तेव्हा चौघांनी बुटांच्या एका रिकाम्या गोदामात स्वतःच ध्वनिमुद्रण केलं आणि पदरमोड करून आम्हा तीनशे बहिणींना जन्माला घातलं.

कारखान्यात काळा गरम गोळा दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबला गेला आणि मी तयार झाले. भाकरी थापायला याहून जास्त वेळ लागतो. ड्रमवाल्याच्या बहिणींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची वेष्टनं रंगवली. माझ्या वेष्टनावर हिरवे पंजे उमटवले आणि मागे शाईने आकडा लिहिला, एकशे बारा.

तिथून मी आले जपानच्या उत्तरेला, हाकोदातेला. या गावात चढ फार. खाली बंदर, वर चर्चचे मनोरे, मधून घंटा वाजवत जाणारी ट्राम. धुकं आलं की बंदरातला भोंगा घुमत राहतो आणि गाव झोपेत बोलल्यासारखं वाटतं. चढाच्या मध्यावर एक लहानसं कॉफीघर होतं, 'कामोमे', म्हणजे समुद्रपक्षी. त्याचे मालक ओदाजिमा. त्यांना सगळे 'मास्टर' म्हणत.

कामोमेत लोक कॉफी प्यायला कमी आणि तबकड्या ऐकायला जास्त येत. तिथले नियम कडक होते. प्रत्येकाने चिठ्ठीवर एका तबकडीचं नाव लिहून द्यायचं. तिची एकच बाजू वाजणार. वाजत असताना तिचं वेष्टन काउंटरवरच्या छोट्या लाकडी घोडीवर उभं राहणार. आणि मुख्य म्हणजे, कोणीही बोलायचं नाही. कोणी कुजबुजलं तर मास्टर शांतपणे म्हणत, "बोलायचंय? उतार उतरा, बंदरावर पुष्कळ समुद्रपक्षी आहेत, त्यांच्याशी बोला."

चालीतालाचं बंधन न मानणाऱ्या या संगीताचा मास्टरांना ध्यास होता. असल्या तबकड्या दुकानात मिळत नसत. कुठल्या तरी मासिकाच्या कोपऱ्यात एखादी ओळ वाचायची, शब्दकोश उघडून इंग्रजीत पत्र लिहायचं आणि मग महिनोन् महिने वाट पाहायची. माझ्यासाठी मास्टरांनी त्या हिवाळ्यात नवा कोट घेतला नाही. वर्षभर ते पोस्टमनला रोज चहा पाजत होते. पोस्टमनसुद्धा शेवटी ओशाळून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागला.

मी आले त्या दुपारी गुडघाभर बर्फ होतं. मास्टर रॉकेल आणायला गेले होते. पार्सल घेतलं त्यांच्या पत्नीने, फुसाएने. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिने मला स्टोव्हजवळ ठेवलं आणि जरा वेळ नुसती बघत बसली. मग तिला वाटलं, मास्टर येतील तेव्हा ही घोडीवर सजून उभी असावी. तिने कात्री घेतली. बोटं थंडीने बधिर झालेली. दोरा सुटला, पुठ्ठाही सुटला, आणि कात्रीचं टोक एक केसभर जास्त आत गेलं.

मला दुखलं, खोटं कशाला बोलू? चरा तांदळाच्या कणीएवढाही नव्हता. पण तो आडवा गेला होता, माझ्या रेघेच्या सात फेऱ्या कापून. फुसाएने मला उजेडात धरलं. बोट ओलं करून चोळलं. मग तिने मला परत पुठ्ठ्यात ठेवलं, दोऱ्याला गाठ मारून तो पुन्हा बांधला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मास्टर आले ते अंगावरचं बर्फही न झटकता पार्सलकडे धावले.

"उघडलं नाहीस?"

"तुमचीच वाट बघत होते," फुसाए म्हणाली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा वाजले. पाच मिनिटं झाली, सहावं लागलं, सॅक्सोफोन दमून गप्प झाला, आणि त्या शांततेत माझा चरा सुईखाली आला. टक्. टक्. टक्. मोजून सात ठोके. फुसाए ट्रे घेऊन तिथेच थिजली. आता मास्टर सुई उचलणार, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. पण मास्टरांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या गालांवर पाणी आलं होतं.

बाजू संपल्यावर ते म्हणाले, "ऐकलंस? कोणीतरी दार ठोठावतंय. सात वेळा. आणि आतले चौघेही दार उघडत नाहीत. केवढी हिंमत आहे या माणसांची!"

मित्रांनो, मला तोंड आहे, पण सुई टेकल्याशिवाय मी बोलू शकत नाही. आणि सुई टेकली तरी जे कोरलंय तेवढंच बोलते. मी काय करणार? फुसाए मात्र बोलू शकत होती. ती त्या दिवशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं.

मग माझे वैभवाचे दिवस आले. दर रविवारी दुपारी माझी चिठ्ठी यायचीच. समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक निशिदाते, हे मास्टरांचे जिवलग आणि त्यांच्याहून एक पायरी अधिक वेडे. ते एकदा हातात स्टॉपवॉच घेऊन आले. बाजू संपल्यावर मास्टरांना बाहेर उतारावर नेऊन म्हणाले, "मी मोजलं! प्रत्येक ठोका बरोबर एक सेकंद आणि आठ दशांशांनी. सातही! हा ड्रमवाला माणूस आहे की यंत्र?" मग त्यांनी सायक्लोस्टाइलवर निघणाऱ्या एका मासिकात माझ्यावर सहा पानी लेख लिहिला. त्यात दार होतं, एकाकीपण होतं, काळ होता. चरा तेवढा नव्हता.

लेख कुठून कुठे गेला कुणास ठाऊक. सेंदाई, टोकियो, कोबे. जिथे माझी एखादी बहीण होती तिथल्या लोकांनी तिला लावून पाहिलं, आणि तिच्यात ठोके नव्हते. लोकांनी काय अर्थ काढावा? हाकोदातेची तबकडी वेगळी आहे म्हणे. तिच्यात एक पाचवा, निनावी वादक आहे म्हणे. मी मोठी झाले ती अशी, एका अफवेवर बसून.

मी फिरत असताना मला सगळं पुसट दिसतं. स्टोव्हचा लाल ठिपका, मिटलेले डोळे, कपांतली वाफ. त्या पुसट गोलात एक गोष्ट मला नेहमी स्पष्ट दिसायची. पाचवं मिनिट सरत आलं की फुसाए उठायची, आत जायची आणि नळ सोडायची. बाजू संपेपर्यंत नळ वाहत राहायचा. मास्टर तिच्या पाठीकडे बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत.

पुढे कॅसेट आल्या, मग छोट्या चकचकीत चकत्या आल्या. बंदरातली जहाजं कमी झाली, विद्यार्थी मोठ्या शहरांकडे गेले. चिठ्ठ्यांचा डबा रिकामा राहू लागला. मी फळीवर उभ्या रांगेत महिनोन् महिने धूळ खात होते. कधीकधी खाली स्टोव्ह पेटल्याचा वास यायचा आणि मला वाटायचं, आज रविवार असेल.

आणि मग दोन हजार सालच्या शरद ऋतूत एका दुपारी ओसाकाचे कुराहाशी आले. गवती चटयांचे व्यापारी, अंगाने गोल, आवाजाने त्याहून गोल. त्यांच्या काखेत कापडात बांधलेलं गाठोडं होतं.

"मास्टर, दोन गाड्या बदलून आलोय बरं का! बायको म्हणाली, हाकोदातेला चाललाय तर खेकडा तरी आणा. तिला कसं सांगू, मी सात ठोके आणायला चाललोय म्हणून?"

"इथे बोलायचं नसतं," मास्टर म्हणाले.

"दुकानात आहे कोण? मी, तुम्ही आणि हे औषधवाले. आम्ही काय परके आहोत का?"

गाठोड्यातून माझी बहीण निघाली, एक्केचाळीस नंबरची, पिवळ्या पंजांची. आणि तिच्याखालून आणखी एक तबकडी निघाली. ती मास्टर वीस वर्षं शोधत होते. तिला पाहून त्यांनी आधी हात पुसले, मग तिला उचललं. कुराहाशींचं म्हणणं सरळ होतं. या दोन्ही ठेवा आणि एकशे बारा मला द्या.

मी फळीवरून उतरले ती अशी. धूळ पुसली गेली, पण आनंद झाला नाही. ओसाका मला नको होतं.

आधी त्यांनी बहीण लावली. सहावं मिनिट आलं. सॅक्सोफोन गप्प झाला. शांतता, नुसती शांतता. एकही ठोका नाही.

"नाहीत!" कुराहाशी खुर्चीतून उडालेच. "ऐकलंत? नाहीत!"

"मी लिहिलंच होतं!" निशिदाते ओरडले. "पाचवा माणूस! मी सत्तर सालापासून सांगतोय!"

"बहात्तर," मास्टर म्हणाले. तेसुद्धा बोलत होते, स्वतःचाच नियम मोडून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या दुसऱ्या तबकडीकडे. मग हळूच मान हलवली. "ठीक आहे, कुराहाशीसान. न्या."

आतला नळ बंद झाला. फुसाए बाहेर आली. हात ओले, केस पांढरे.

"अहो, देऊ नका," ती म्हणाली. "ते ठोके कोणी वाजवलेले नाहीत. ती माझी कात्री आहे."

"वहिनी, चेष्टा करता काय म्हाताऱ्यांची?" कुराहाशी हसले. पण ते एकटेच हसत होते.

फुसाएने सगळं सांगितलं. बर्फ, दोरा, बधिर बोटं. निशिदाते ऐकायलाच तयार नव्हते. "अशक्य! मी घड्याळ लावून मोजलंय. एक सेकंद, आठ दशांश. सातही वेळा सारखं. कात्रीला एवढा ताल असतो?"

"निशिदातेसान, तबकडीला एक फेरी मारायला किती वेळ लागतो हो?"

निशिदातेंनी तोंड उघडलं. फिरत्या बहिणीकडे पाहिलं. ओठांनी मोजलं आणि खाली बसले. माझ्या प्रत्येक फेरीला एक सेकंद आणि आठ दशांश लागतात, मित्रांनो. कोणत्याही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने हे चहा पिता पिता सांगितलं असतं. पण यांनी कधी रेडिओवाल्याला विचारलंच नाही.

"मग मी आता काय घेऊन जाऊ?" कुराहाशी पुटपुटले.

"खेकडा," निशिदाते म्हणाले.

मास्टर हसले नाहीत. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"एकदा सांगितलं असतंस," ते म्हणाले.

"त्याच संध्याकाळी सांगणार होते. पण तुम्ही रडत होता. म्हटलं, उद्या सांगू. मग लेख आला. मग लोक लांबून लांबून येऊ लागले. तुम्ही त्यांना ते दार समजावून सांगायचात. तुमची मान ताठ असायची. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि तो नळ?"

"ते ठोके माझ्याच्याने ऐकवत नव्हते."

मास्टरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला हे संगीतच सोसत नाही. मी तुला कधी बस म्हटलं नाही. म्हटलं, बिचारीला छळ कशाला?"

"मला आवडतं हो," फुसाए म्हणाली आणि तिला रडू आलं. "पहिली पाच मिनिटं मला तोंडपाठ आहेत. पुढचं मी कधी ऐकलंच नाही."

मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. एकोणतीस वर्षांचा मान एका दुपारी गेला होता. पण मास्टर उठले. त्यांनी बहिणीला खाली उतरवलं आणि मला रेकॉर्ड-प्लेअरच्या तबकावर ठेवलं. माझं हिरवं वेष्टन घोडीवर लावलं. मग एक खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ओढली.

"बस," ते म्हणाले.

फुसाए बसली. मी फिरू लागले. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. खिडकीबाहेर धुकं चढ चढत होतं. पाचवं मिनिट सरलं तशी ती सवयीने उठू लागली. मास्टरांनी तिच्या ओल्या हातावर हात ठेवला. सात ठोके झाले. मला त्या ठोक्यांची इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि त्यांचा इतका जिव्हाळाही. आणि मग सॅक्सोफोन परत आला, अगदी हलक्या आवाजात, धुक्यातून कोणी घरी यावं तसा. त्याच्यामागून ट्रम्पेट, मग तारा, मग सगळेच. फुसाए तोंडावर हात धरून ऐकत होती. कुराहाशी आपलं गाठोडं बांधायचं विसरले होते. बाजू संपली आणि सुई मधल्या कोऱ्या भागात खरखरत राहिली, तरी ती उचलायला कोणी उठलं नाही.

मी आजही कामोमेतच आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्या तबकड्यांना कडेने धरा, उन्हात ठेवू नका, धूळ पुसा, एवढं तुम्ही कराल याची मला खात्री आहे. तरीही कधीतरी कोणाच्या तरी हातून कात्री सुटेल. तेव्हा त्याच संध्याकाळी सांगून टाका. त्या चऱ्याने मी तेरा सेकंद खरखरते, आणि फुसाएने एकोणतीस वर्षं नळ सोडला.