चार पायऱ्या

तिनं चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा सोडलं. पडद्यावर सगळ्यांची लाडकी धावपटू सत्काराच्या मंचावरून चार पायऱ्या उतरत होती. हातात फुलं, चेहऱ्यावर हसू. डावा पाय खाली, उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा खाली, पुन्हा उजवा शेजारी.

"पायऱ्या कशाला?" बातमीपत्राची प्रमुख तिच्या खुर्चीला रेलून उभी होती. "लोक काय जिने बघायला टीव्ही लावतात? आधी सुई, मग धाव, बस्स. काढ ते."

संकलनाच्या त्या अरुंद खोलीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दहा ठिकाणच्या विस्कटलेल्या तुकड्यांतून सरळ वाहणारी बातमी काढावी ती तिनंच. गेल्या आठवड्यात या सुईची पहिली बातमीही तिनंच जुळवली होती. खेळाडूचं स्वतःचं रक्त काढायचं, यंत्रात घुसळायचं आणि त्यातला हवा तो भाग दुखऱ्या गुडघ्यात टोचायचा. सासऱ्यांनी घरी ती बातमी मोबाइलवर इतक्यांदा लावली की तिच्या चार वर्षांच्या ठमीलाही ती पाठ झाली. नणंदेच्या गुडघ्यातही सुई टोचायची, हे ठरलं ते तिथंच. उद्या सकाळी सुई, रविवारी व्हॉलीबॉलच्या संघाची निवड. "सूनबाईच्या चॅनलवर दाखवलंय" असं सासरे एकदा म्हणाले की घरात पुढं कुणी बोलायचं नसतं.

"थोडंसंच दुखतं गं वहिनी," नणंद म्हणाली होती. "सुई घेतली की संपलं."

तिनं त्या चार पायऱ्या आणखी एकदा बघितल्या, आणि तिला घरचा जिना आठवला. रोज सकाळी आत्या आणि भाची हातात हात घालून शाळेला निघत. एक पाय, दुसरा पाय, थांबा. एक पाय, दुसरा पाय, थांबा. दारात उभी राहून ती हसायची. पण ठमीला आता एका पायरीवर एकच पाय टाकून उतरता येत होतं. आईबरोबर ती तशीच धडधड उतरे, आणि आईचा जीव टांगणीला लागे. आत्याबरोबर मात्र अजून जुनाच खेळ. लाड आहेत, असं ती धरून चालली होती. फ्रीजमधला बर्फ रोज संपतो, त्याची बोलणीही ठमीनंच खाल्ली होती.

मूल झाल्यापासून तिची नजर येताजाता लोकांच्या पायांवर असे. कोण घसरेल, कोण अडखळेल. ती नजर नेमकी घरातच चुकली होती.

तिनं खुर्ची फिरवली. "मॅडम, हिचा डावा पाय बघा."

प्रमुख वाकली. चार पायऱ्या झाल्यावर सरळ उभी राहिली. "आपण काय डॉक्टर आहोत?"

"नाही ना. म्हणून तर काही म्हणायचं नाही. नुसतं दाखवायचं."

"आणि आपण 'पूर्ण बरी' म्हणतोय, त्याचं काय?"

"'डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरी.' तेवढे दोन शब्द वाढवते. चार महिने विश्रांती घेतली, हे तिनं मुलाखतीत स्वतःच सांगितलंय. आपण ते गाळलं होतं, तेही घेते. लांबी वाढणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

"तुझ्याशी वाद घालत बसले तर आजचं बातमीपत्र उद्या जाईल." प्रमुखनं घड्याळ बघितलं. "ठेव. पण अगदी शेवटी."

"शेवटीच हवं होतं मला."

प्रमुख गेल्यावर तिनं त्या तुकड्याखालचं संगीत काढून टाकलं. फक्त बुटांचा आवाज राहू दिला.

दुपारी घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, हात धुतले आणि आधी बर्फाचे दोन्ही ट्रे काठोकाठ भरून ठेवले. नणंदेला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर "थोडंसंच" एवढंच उत्तर मिळालं असतं.

संध्याकाळी सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"या गं सगळ्या. सूनबाईची बातमी लागली."

नणंद कोपऱ्यात रविवारच्या जर्सीला इस्त्री करत होती. ठमी आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली. सुई आली, धाव आली.

"बघ, वाऱ्यासारखी सुटलीय," सासरे म्हणाले. "आणि आपली ही तर तिच्याहून लहान."

'चार महिने विश्रांती' हे शब्द आले तेव्हा त्यांनी हात झटकला. "मोठ्या लोकांची थेरं. त्यांना वेळच वेळ."

मग पायऱ्या आल्या. खोलीत नुसता बुटांचा आवाज. टक्, टक्, थांबला. टक्, टक्, थांबला. इस्त्री जर्सीवरून उचललेली, तशीच हातात राहिली.

"ही पण आत्यासारखीच उतरते," ठमी म्हणाली. "आत्याला मी रोज शिकवते, आजोबा. तरी तिला येतच नाही."

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. नातीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"काय म्हणतेय ही?"

नणंदेनं इस्त्रीचं बटण बंद केलं, जर्सी अर्धवटच ठेवली आणि सोफ्यावर येऊन बसली. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि पँट गुडघ्यावर सारली. वाटीखाली लिंबाएवढी सूज होती. ती आजची नव्हती.

सासऱ्यांनी ठमीला मांडीवरून खाली ठेवलं आणि वाकून तो गुडघा बघितला.

"उद्या जायचं, बाबा," ती म्हणाली. "पण सुईनंतर किती महिने बसायचं, ते आधी विचारायचं. ते ऐकल्यावर रविवारचं बघू."

"मी विचारतो," सासरे हळूच म्हणाले.

"नको. मीच विचारीन." मग तिनं मान वळवली. "वहिनी, थोडा बर्फ असेल का गं? सकाळी मीच संपवलाय."

"भरपूर आहे," ती म्हणाली आणि उठली.